धोरणात्मक संवाद (अनुदान देणाऱ्या प्रतिष्ठानांमधील)

धर्मादाय निधीतून इतर संस्थांना अनुदान देणाऱ्या प्रतिष्ठानाचा हेतू साधण्यासाठी कोणी, कोणाशी, केव्हा आणि कशा रीतीने बोलावे हे ठरवण्याचे व ते तडीस नेण्याचे काम. मुंबई-पुण्याच्या संस्थांमध्ये त्याला नुसते ‘कम्युनिकेशन्स’ म्हणतात. वार्षिक अहवाल, संकेतस्थळ, वृत्तपत्रांना पाठवायची निवेदने ही त्याची दिसणारी बाजू. न दिसणारी बाजू मोठी आहे. एखाद्या कार्यक्रमाला पैसा मंजूर होण्याआधीच काही गोष्टींचा विचार करावा लागतो : या कामातून नेमके कोणाचे मत किंवा वर्तन बदलायला हवे, त्या लोकांचा विश्वास कोणाच्या शब्दावर आहे, आणि प्रतिष्ठानाचे नाव पुढे आले तर कामाला बळ मिळेल की खीळ बसेल.

कंपनीच्या जाहिरात विभागाला विक्रीचा आकडा जागेवर आणतो, पक्षाच्या प्रचारकाला मतमोजणी. प्रतिष्ठानाला यातले काहीच नसते. त्याचा पैसा बहुधा मूळ निधीच्या गुंतवणुकीतून किंवा संस्थापक कुटुंबाकडून येतो. त्यामुळे लोकांपुढे हात पसरावा लागत नाही आणि लोक रुसले म्हणून तिजोरी आटतही नाही. ज्यांना त्याचा कारभार जवळून माहीत असतो त्या अनुदानप्राप्त संस्थांचे डोळे पुढच्या हप्त्याकडे लागलेले असतात. त्या तोंडावर वाईट बोलत नाहीत. साहजिकच प्रतिष्ठानाच्या कानावर स्तुतीच जास्त येते. अमेरिकेतील सेंटर फॉर इफेक्टिव्ह फिलान्थ्रॉपी ही संस्था अनुदानप्राप्तांची नावे गुप्त ठेवून त्यांची मते गोळा करते आणि इतर प्रतिष्ठानांशी तुलना करून ती त्या-त्या प्रतिष्ठानापुढे मांडते, ती याच अडचणीवर तोड म्हणून. दुसरी अडचण श्रेयाची. गावात किंवा वस्तीत काम दुसरेच कोणी करते, प्रतिष्ठानाने फक्त पैसे दिलेले असतात. मग बातमीत बोलायचे कोणी? हा या क्षेत्रातला रोजचा प्रश्न आहे आणि त्याचे प्रामाणिक उत्तर बहुतेक वेळा ‘आपण नव्हे’ असेच निघते.

कामाचे स्वरूप

छोट्या प्रतिष्ठानात हे सारे एकच माणूस करतो, बऱ्याचदा दुसरी कामे सांभाळून. मोठ्या ठिकाणी स्वतंत्र विभाग असतो आणि त्यात माजी पत्रकार व जनसंपर्क कंपन्यांतून आलेली माणसे पुष्कळ आढळतात. विश्वस्तांच्या बैठकीसाठी टिपणे तयार करणे, अनुदानाची घोषणा कोणत्या दिवशी व कोणाच्या तोंडून करायची ते ठरवणे, संशोधन अहवालातले निष्कर्ष आमदारांना किंवा खात्याच्या सचिवांना सहज वाचता येतील अशा दोन पानांत बसवणे, वार्ताहरांच्या प्रश्नांना उत्तरे देणे ही नेहमीची कामे. एखाद्या अनुदानप्राप्त संस्थेवर गैरव्यवहाराचा आरोप झाला की विभागाची खरी कसोटी लागते. झटकून मोकळे व्हावे तर वर्षानुवर्षांचे संबंध तुटतात. पाठीशी उभे राहावे तर चौकशीआधीच निवाडा दिल्यासारखे होते.

त्याहून उपयोगाचे आणि कमी चर्चेतले काम म्हणजे अनुदानप्राप्त संस्थांना त्यांचे म्हणणे मांडायला बळ देणे : त्यांच्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण, संकेतस्थळासाठी पैसा, माध्यमांशी ओळखी. उलट लोगोवरून होणारी ओढाताण पाहिली की या व्यवसायाची दुबळी बाजू दिसते. फलकावर कोणाचे चिन्ह किती मोठे, याची कलमे अनुदान करारात असतात. भाषेचाही प्रश्न आहे. फील्डवरचा कार्यकर्ता मराठीत सांगतो, संस्थेचे कार्यालय ते इंग्रजी अहवालात घालते, प्रतिष्ठान त्यातून गुळगुळीत कागदावरची ‘केस स्टोरी’ काढते. ज्या बाईची ती हकीकत आहे तिला ती वाचता येत नाही.

इतिहास

आधुनिक अनुदानदाती प्रतिष्ठाने विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत उभी राहिली. कार्नेगी कॉर्पोरेशन १९११ मध्ये स्थापन झाले, रॉकफेलर फाउंडेशन १९१३ मध्ये. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये कोलोरॅडोतील लडलो येथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर नॅशनल गार्डच्या (राज्याच्या राखीव सैन्याच्या) शिपायांनी हल्ला केला. तंबूखालच्या खड्ड्यात दडलेल्या दोन स्त्रिया आणि अकरा मुले गुदमरून मेली. खाण कंपनीत रॉकफेलर कुटुंबाचे मोठे भांडवल होते. धाकट्या जॉन रॉकफेलरांनी आयव्ही ली या जनसंपर्कतज्ज्ञाला नेमले. लींनी कंपनीची बाजू मांडणारी पत्रके देशभर धाडली, पण त्यांत कामगार पुढाऱ्यांच्या पगाराचे आकडे फुगवलेले निघाले आणि होती ती पतही गेली. त्याच वर्षी फाउंडेशनने कॅनडाचे माजी कामगारमंत्री (आणि पुढे पंतप्रधान झालेले) मॅकेंझी किंग यांना औद्योगिक संबंधांचा अभ्यास करायला नेमले. हा धर्मादाय पैशातून चाललेला अभ्यास की मालकाच्या कंपनीची अब्रू सावरण्याची तजवीज? फ्रँक वॉल्श यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी औद्योगिक संबंध आयोगाने जाहीर सुनावणीत रॉकफेलरांना याबद्दल छेडले. या प्रकरणानंतर फाउंडेशन वादग्रस्त आर्थिक-सामाजिक विषयांत स्वतः उतरणे टाळू लागले आणि असे अभ्यास स्वतंत्र संशोधन संस्थांकडे सोपवण्याची पद्धत पडली. आपण मागे राहून दुसऱ्याच्या तोंडून बोलायचे, या आजच्या रिवाजाचे एक मूळ असे बदनामीत आहे. तो नुसत्या विनयातून आलेला नाही.

रॉकफेलरांच्याच पैशाने चाललेल्या आरोग्यकार्यात संवादाची चांगली बाजू दिसते. १९०९ पासून अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत अंकुशकृमीविरुद्ध (हुकवर्म; विष्ठेने दूषित मातीतून अनवाणी पायांवाटे शरीरात शिरणारा जंत) मोहीम निघाली. फिरत्या दवाखान्यांत लोकांना सूक्ष्मदर्शकातून कृमी दाखवत, शाळांतून व्याख्याने होत, आणि १९२० मध्ये त्यावर मूकपटही निघाला. तिथे पैसा देणाऱ्याच्या नावाला महत्त्व नव्हते. संडास बांधला जातो की नाही आणि लोक पायात काही घालतात की नाही, एवढेच पाहायचे होते.

१९५२ मध्ये कम्युनिस्टविरोधी वातावरणात अमेरिकी संसदेच्या समितीने प्रतिष्ठानांची झडती घेतली. फाउंडेशनचे खिसे काचेचे असावेत, म्हणजे आतले सर्वांना दिसावे, असे कार्नेगी कॉर्पोरेशनचे रसेल लेफिंगवेल तिच्यापुढे म्हणाले. १९५६ मध्ये न्यूयॉर्कला प्रतिष्ठानांची माहिती सर्वांना खुली करणारे ग्रंथालय निघाले. तीच संस्था वाढत जाऊन २०१९ मध्ये झालेल्या विलीनीकरणानंतर आज ‘कँडिड’ नावाने ओळखली जाते. आपखुशीची पारदर्शकता मात्र पुरली नाही. १९६९ च्या करसुधारणा कायद्याने खासगी प्रतिष्ठानांवर कडक बंधने घातली आणि विशिष्ट कायदा संमत व्हावा किंवा फेटाळला जावा म्हणून प्रतिनिधींवर दबाव आणण्यासाठी केलेल्या खर्चावर दंडात्मक कर बसवला. निःपक्ष विश्लेषण, अभ्यास व संशोधन यांना सूट राहिली. तेव्हापासून तेथील कम्युनिकेशन्स अधिकाऱ्याच्या मसुद्यावर वकिलाची नजर फिरते.

असा अभ्यास किती कामाचा ठरू शकतो, याचा दाखला कायद्याआधीचाच आहे. कार्नेगी कॉर्पोरेशनने १९६५ मध्ये शैक्षणिक दूरचित्रवाणीवर आयोग नेमला. जानेवारी १९६७ मध्ये अहवाल आला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सार्वजनिक प्रसारण कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली. इतका वेग अपवादाचा. पण नीट लिहिलेला अहवाल, प्रतिष्ठित सदस्य आणि अचूक वेळ हे तीनही जुळून आले तर जाहिरातीवाचून काय होते ते यात दिसते.

स्वतंत्र व्यवसाय म्हणून हे काम आकाराला आले ते आरोग्यक्षेत्राला अनुदान देणाऱ्या अमेरिकेतील रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशनमध्ये. १९७० च्या दशकात तेथे आलेले माजी पत्रकार फ्रँक कॅरेल यांनी संवाद हा शेवटी लावायचा रंग नसून त्याने कार्यक्रमाच्या आखणीतच बसले पाहिजे, असा आग्रह धरला. १९९० च्या दशकात या फाउंडेशनने तंबाखूविरोधात ‘कॅम्पेन फॉर टोबॅको-फ्री किड्स’ ही वेगळी संस्था उभी करायला पैसा दिला. संशोधनाचे बोलणे फाउंडेशनचे, लढ्याचे बोलणे त्या संस्थेचे, अशी वाटणी त्यातून झाली.

मौनाचे धोरण

काही दात्यांनी न बोलणे हेच धोरण केले. ड्यूटी फ्री दुकानांच्या धंद्यातून श्रीमंत झालेले चक फीनी यांनी १९८२ मध्ये ॲटलांटिक फिलान्थ्रॉपीज स्थापन केले आणि पैसा कोठून आला ते कोणाला सांगायचे नाही, अशी अट संस्थांना घातली. धंद्यातील हिस्सा विकताना गुपित फुटणार हे दिसू लागले, आणि जानेवारी १९९७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समधून ते जगाला कळले. पुढे फीनी उलट बाजूने बोलू लागले : जिवंतपणीच देऊन टाका, असे इतर श्रीमंतांना सांगायचे तर आधी स्वतःचे दान उघड करावे लागते. सुमारे ८ अब्ज डॉलर वाटून ॲटलांटिकने २०२० मध्ये काम संपवले आणि आपली कागदपत्रे कॉर्नेल विद्यापीठाकडे दिली. त्याच वर्षी मॅकेंझी स्कॉट (ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांच्या माजी पत्नी) यांनी ११६ संस्थांना सुमारे १.७ अब्ज डॉलर दिल्याचे एका साध्या लेखातून जाहीर केले. समारंभ नाही, पत्रकार परिषद नाही. पण पैसा कोणाला व का मिळाला हे कळत नाही, अशी टीका वाढल्यावर डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनाही अनुदानांची यादी सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी लागली.

दुसऱ्या टोकाला गेट्स फाउंडेशन. २००९ पासून बिल गेट्स यांचे वार्षिक पत्र, २०१० पासून ब्रिटनमधील गार्डियन वृत्तपत्राच्या जागतिक विकासविषयक विभागाला अर्थसाहाय्य, शिवाय इतर माध्यमसंस्थांना अनुदाने. दुर्लक्षित विषयांना जागा मिळाली हे खरेच. पण ज्याच्यावर पत्रकारांनी नजर ठेवायची त्याच्याच पैशावर वृत्तविभाग चालले तर प्रश्न विचारणार कोण, ही शंका संपादकीय स्वातंत्र्याच्या करारांनी पूर्ण फिटत नाही.

भारतात

टाटा कुटुंबाचे न्यास हे भारतातील सर्वांत जुने मोठे अनुदानदाते. सर रतन टाटा ट्रस्ट १९१९ मधला, सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२ मधला. मुंबईतील टाटा समाजविज्ञान संस्था (१९३६), टाटा मेमोरियल रुग्णालय (१९४१) आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था (१९४५) यांच्या पाटीवरच नाव असल्याने वेगळ्या प्रसिद्धीची गरज पडली नाही. महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासांना १९५० च्या कायद्यानुसार धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावे लागतात. दीर्घकाळ बहुतेकांचा जाहीर संवाद तेवढाच होता.

गेट्स फाउंडेशनने २००३ मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांत ‘आवाहन’ हा एचआयव्ही प्रतिबंध कार्यक्रम सुरू केला. त्याच फाउंडेशनच्या पैशातून बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस ट्रस्टने २००८ मध्ये ‘कंडोम कंडोम’ अशी गाणारी मोबाइल रिंगटोन काढली. चारचौघांत फोन वाजला की तो शब्द आपोआप उच्चारला जाई. गेट्सचे नाव त्यात कोठेच ऐकू येत नव्हते, आणि आले असते तर गंमतच गेली असती.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मुळे पात्र कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागू लागली आणि कंपन्यांची प्रतिष्ठाने वाढली. त्यांच्यात दान आणि जाहिरात यांची सरमिसळ होणारच होती. मॅरेथॉन, पुरस्कार, दूरचित्रवाणी कार्यक्रमांचे प्रायोजकत्व असे एकवेळचे कार्यक्रम या खर्चात धरले जाणार नाहीत, असे केंद्राने २०१४ च्या परिपत्रकात सांगितले. २०२१ च्या नियमांनी मालाच्या विक्रीला फायदा व्हावा म्हणून केलेले प्रायोजकत्व स्पष्टपणे वगळले. परदेशी निधीची वाट आणखी अरुंद आहे. परदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या कायद्यातील (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी एका संस्थेने दुसरीला देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. नोंदणीकृत वृत्तपत्रांचे संपादक, वार्ताहर व मालक यांना तर असा पैसा घेताच येत नाही. पत्रकारितेला बळ देण्याचा गेट्स-गार्डियन नमुना इथे जसाच्या तसा उतरू शकत नाही, तो त्यामुळेच.

लाभार्थ्यांची छायाचित्रे हा वेगळा विषय. रडवेले मूल छापले की कार्यालयातल्यांचे मन द्रवते, पण त्या मुलाला शाळेत रोज जायचे असते. बाल न्याय कायदा २०१५ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करता येत नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्सविषयक कायदा संमतीवाचून बाधिताची माहिती बाहेर देऊ देत नाही. डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा २०२३ मध्ये अठरा वर्षांखालील व्यक्तीबाबत पालकांची संमती मागितली आहे आणि दिलेली संमती मागे घेण्याचा हक्कही आहे. तेव्हा कोणते छायाचित्र कोणत्या अहवालात, फलकावर आणि संकेतस्थळावर गेले याची वही ठेवणे हेही आता याच विभागाकडे येते.