माकडांचा बाजार आणि बाबांचा शेअर

परवा रात्री झोप येईना म्हणून यूट्यूब चाळत बसले होते, तर मानसशास्त्रज्ञ लॉरी सँटोस यांचं २०१० मधलं टेड टॉक समोर आलं आणि ते संपेपर्यंत झोप पार उडाली. माणसं निर्णय कसे घेतात हे शोधायला या बाईंनी माकडांचा बाजार भरवलाय!

येल विद्यापीठातली ही कॅप्युचिन माकडं. त्यांना धातूच्या चकत्या दिल्या, चकती दिली की खाऊ मिळतो हे शिकवलं, म्हणजे नाणीच झाली ती. मग दोन विक्रेते उभे केले. दोघंही एकेक द्राक्ष दाखवतात. पहिला दर वेळी वर अजून एक देतो, एकूण दोन. दुसरा कधी वर दोन देतो, कधी काहीच नाही, म्हणजे तीन नाहीतर एक. माकडं पहिल्याकडे जास्त जातात. आता दाखवताना तीन द्राक्षं दाखवायची. पहिला दर वेळी त्यातलं एक काढून घेतो, उरली दोन. दुसरा कधी तिन्ही देतो, कधी दोन काढून घेतो. आता माकडं दुसऱ्याकडे वळतात! शेवटी हातात पडतं ते दोन्ही खेळांत अगदी तेच, फक्त सुरुवातीला दाखवलं काय ते बदललं.

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी माणसांबद्दल हेच १९७९ मध्ये मांडलं होतं आणि मला यातला सगळ्यात आवडतो तो त्यांचा आलेख. आपलं मन एकूण किती आहे ते मोजत नाही, एका खुणेपासून किती वर गेलो, किती खाली आलो ते मोजतं. वर जाताना पहिल्या पाचशे रुपयांचा आनंद मोठा, पुढच्या पाचशेचा त्याहून कमी, म्हणून मिळत असताना आपण पक्कं ते धरतो. खाली येतानाही तसंच, पहिले पाचशे गेल्याचं दुःख मोठं, पुढचे पाचशे गेले तर त्यात फार भर पडत नाही, म्हणून पाचशे नक्की घालवण्यापेक्षा 'हजार जातील नाहीतर काहीच जाणार नाही' हा जुगार बरा वाटतो. शिवाय खुणेच्या खाली रेघ जास्त उभी उतरते, १९९२ च्या त्यांच्या पेपरात हा आकडा २.२५ आहे, म्हणजे गमावल्याचं दुःख तेवढंच कमावल्याच्या आनंदाच्या दुपटीहून जास्त.

ही माकडं आणि आपण साधारण साडेतीन कोटी वर्षांपूर्वी वेगळे झालो. एवढी जुनी खोड '२१ दिवसांत मेंदू बदला' छापाच्या रीलने जाणार नाही, आणि मुहूर्त बघून पैसे गुंतवल्यानेही नाही. अशा गाजलेल्या प्रयोगांचं सगळंच डोळे मिटून घेऊ नये हेही खरं. जॅमचे २४ प्रकार ठेवले तर लोक कमी घेतात, ६ ठेवले तर जास्त, हा २००० सालचा प्रयोग खूप गाजला, पण २०१० मध्ये असे पन्नास प्रयोग एकत्र तपासले तेव्हा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला.

आता बाबांचा शेअर. ४८० ला घेतलेला, आज २१० ला आहे, "विकला की तोटा पक्का होतो गं" म्हणून ठेवलाय. त्यांची खूण ४८० वरच अडकलीय. काल चहा घेताना विचारलं, बाबा, आज हातात २१० रुपये असते तर हाच शेअर घेतला असता? कप खाली ठेवून लगेच म्हणाले, "छे, कशाला?"

विकला मात्र अजून नाहीये.