बिनचूक डेटा वेगळा, प्रातिनिधिक डेटा वेगळा

इगतपुरीला वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यात नांदगाव-येवल्याकडे तो ५००-६०० मिलिमीटरवर आटोपतो. दोन्हीकडची पर्जन्यमापके चोख आहेत आणि रोजची नोंद वेळेवर होते, असे धरू. आता सगळ्या तालुक्यांची बेरीज करून, भागून, ‘नाशिक जिल्ह्याचा सरासरी पाऊस’ असा एक आकडा काढला. तेवढा पाऊस ना इगतपुरीत पडतो ना नांदगावात. हिशेबात एकही चूक नाही, पण येवल्याच्या शेतकऱ्याने त्या आकड्यावर पेरणी ठरवली तर तो फसेल.

डेटा ‘चांगला’ आहे का, असे विचारले की बहुतेकांच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: आकडे बरोबर आहेत ना? तो प्रश्न बिनचूकपणाचा. प्रत्येक नोंद वस्तुस्थितीशी जुळते का, एवढेच तो विचारतो. दुसरा प्रश्न प्रातिनिधिकतेचा: ज्यांच्याबद्दल बोलायचे आहे ते सगळे या नोंदींमध्ये आले आहेत का, आणि आले असतील तर योग्य प्रमाणात? पहिला गुण एकेका ओळीचा असतो, दुसरा अख्ख्या तक्त्याचा. पहिला बराचसा तक्त्याकडे पाहून तपासता येतो. दुसरा नुसता तक्ता पाहून कळत नाही, कारण तिथे शोधायचे असते ते तक्त्यात नसलेले.

शितावरून भाताची परीक्षा करतात ती भात सगळीकडे सारखा शिजलेला असतो म्हणून. वरचे शीत शिजले आणि तळ करपला, तर त्या शिताने खोटे काही सांगितलेले नसते. आपण ते चुकीच्या जागेवरून उचललेले असते.

पर्जन्यमापकाच्या दोन तक्रारी

साध्या पर्जन्यमापकाच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असेल, तर १० मिलिमीटर पावसाला आत २०० मिलिलिटर पाणी जमते. १०० चौरस सेंटिमीटरच्या मापकाला याच पावसात १०० मिलिलिटर. म्हणून प्रत्येकाचे मोजपात्र वेगळे असते. २०० वाल्याचे पाणी १०० वाल्याच्या मोजपात्रात ओतले की १० चे २० होतात, आणि मोजपात्र बदलेपर्यंत रोज होत राहतात. मापकाशेजारी झाड किंवा भिंत असली तर पाऊस अडतो. अडथळ्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर राखावे. स्वयंचलित केंद्रात नरसाळ्यात पाला किंवा पक्ष्यांची घाण अडकली की पाणी खाली जातच नाही आणि यंत्र निमूटपणे ० पाठवत राहते. इथे एक नियम हवाच: पाऊस पडला नाही तेव्हा ०, नोंद झाली नाही तेव्हा रिकामी चौकट. या दोन गोष्टी एकदा एकत्र झाल्या की नंतर वेगळ्या करता येत नाहीत.

हे सगळे दोष बिनचूकपणाचे. आता दुसरी बाजू. महावेध या स्वयंचलित हवामान केंद्रांच्या प्रकल्पातली केंद्रे महसूल मंडळनिहाय आहेत आणि हवामानावर आधारित फळपीक विम्यात केंद्राच्या नोंदीला महत्त्व असते. एका मंडळात अनेक गावे येतात. अवकाळी पाऊस किंवा गारपीट मात्र काही किलोमीटरच्या पट्ट्यातच झोडपून जाते. पट्टा केंद्रापासून बाजूला गेला तर यंत्राने ० दाखवले ते खरेच आहे, आणि बागेत गारांचा सडा पडला हेही खरे आहे.

गावात मात्र दोन्ही वेळा एकच वाक्य ऐकू येते: ‘केंद्र खोटे दाखवते.’ तक्रार लिहिताना हा गोंधळ महागात पडतो. केंद्र बिघडले असे म्हणायचे असेल तर त्याच केंद्राच्या नोंदी शेजारच्या केंद्रांशी आणि आधीच्या दिवसांशी ताडून दाखवाव्या लागतात. लागोपाठ दिवस तोच आकडा किंवा भर पावसाळ्यात सलग शून्ये हा तिथला पुरावा. केंद्र ठीक पण दूर आहे असे म्हणायचे असेल तर पुरावा बागेतून आणावा लागतो: वेळ आणि ठिकाण उमटलेले फोटो, पंचनामा, केंद्रापासूनचे अंतर. पहिल्या तक्रारीला दुसरा पुरावा जोडला की यंत्र तपासले जाते, ते ठीक निघते आणि विषय तिथेच संपतो.

द्राक्षाची गोडी आणि कांद्याचा भाव

निफाड-दिंडोरीत काढणीआधी रिफ्रॅक्टोमीटर या छोट्या यंत्राने ब्रिक्स, म्हणजे द्राक्षाच्या रसातले साखरेचे प्रमाण, पाहतात. यंत्राची काच पुसून, त्यावर ऊर्ध्वपातित पाण्याचा थेंब ठेवून शून्य जुळवायचे. मोजणीचा संदर्भ २० अंश सेल्सिअसचा असतो, त्यामुळे तापमानाची भरपाई आपोआप करणारे यंत्र नसेल तर दुपारच्या उन्हातली आणि सकाळची नोंद थेट जुळत नाही. इतके केले की यंत्राकडून होणारी चूक फार उरत नाही.

खरी चूक मणी तोडणाऱ्या हाताची असते. घडाच्या खांद्याकडचे मणी आधी गोड होतात, शेंड्याचे मागे राहतात. उन्हाच्या बाजूचा घड पानाआडच्या घडापेक्षा पुढे असतो. बांधालगतच्या ओळी मधल्या ओळींसारख्या नसतात. आणि माणसाचा हात नकळत चांगल्या दिसणाऱ्या घडाकडेच जातो. म्हणून वेल आधी ठरवून घ्यावेत, उदाहरणार्थ बांधाकडच्या ओळी सोडून दर पाचव्या ओळीतला दर दहावा वेल. घड कसाही दिसो, त्याच वेलावरून खांदा, मधला भाग आणि शेंडा असे मणी घ्यावेत, ओळीच्या दोन्ही बाजूंनी. शंभरेक मणी एकत्र चुरून रस गाळावा आणि मग थेंब काचेवर ठेवावा. दशांशापर्यंत दाखवणारे महागडे यंत्र आणि बांधावरून उचललेले पाच मणी, यापेक्षा साधे यंत्र आणि असे शंभर मणी केव्हाही बरे.

लासलगावच्या भावाचे प्रकरण याहून बारीक आहे. बाजार समितीच्या रोजच्या भावात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन आकडे असतात. समजा १०० क्विंटल आवकेतला १० क्विंटल माल २,५०० रुपयांनी गेला, ६० क्विंटल १,८०० ने आणि ३० क्विंटल गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, ९०० ने. किमान ९००, कमाल २,५००. सर्वात जास्त माल ज्या भावाने गेला तो, म्हणजे सर्वसाधारण, १,८००. किमान-कमालीच्या मधोमध १,७००. आणि वजन धरून खरी सरासरी १,६००. पाचही आकडे बिनचूक आहेत. पण ‘आज कांद्याला काय भाव मिळाला’ याचे उत्तर कोणाला द्यायचे आहे यावर आकडा बदलतो. मोठ्या मालवाल्याला १,८०० कळणे उपयोगाचे, तालुक्यात एकूण किती पैसा आला हे पाहणाऱ्याला १,६०० च हवेत. संशोधनाच्या प्रबंधात सर्वसाधारण भाव घेऊन त्याला एकूण आवकेने गुणलेले दिसते, तेव्हा या उदाहरणात १ लाख ६० हजारांचे १ लाख ८० हजार होतात. उन्हाळ आणि लाल कांदा एकाच रकान्यात टाकले असतील, तर महिन्यामहिन्याची तुलनाही गेली.

शाळेत: पट आणि हजेरी

शाळेच्या माहितीत बिनचूकपणाच्या चुका ओळखीच्या आहेत. नावाचे इंग्रजी स्पेलिंग आधारवर एक आणि दाखल्यावर दुसरे. विद्यार्थ्याचा १२ अंकी अपार क्रमांक (शैक्षणिक ओळख क्रमांक) एक्सेलमध्ये संख्या म्हणून चिकटवला की तो घातांकाच्या रूपात दिसतो, आणि फाइल सीएसव्ही म्हणून जतन केली की शेवटचे अंक जातात. उपाय सोपा: आकडे भरण्याआधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करायचा. एक्सेलचा हा खोडकरपणा प्रयोगशाळांनाही भोवला आहे. ‘सेप्ट२’ नावाच्या जनुकाची एक्सेल २ सप्टेंबर तारीख करते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत, एक्सेलमध्ये जनुकांची यादी जोडलेल्या शोधनिबंधांपैकी साधारण एक पंचमांशात अशा चुका सापडल्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांचीच नावे बदलली गेली. ‘सेप्ट२’ आता ‘सेप्टिन२’ आहे.

प्रातिनिधिकतेची चूक यापेक्षा शांतपणे घडते. वाचन चाचणी घेतली, वर्गाचा पट ४०, त्या दिवशी हजर २८, त्यांपैकी २१ मुलांना परिच्छेद वाचता आला. अहवालात जाते ७५ टक्के. पण गैरहजर १२ जण चिठ्ठ्या टाकून निवडलेले नसतात. ऑक्टोबरात छाटणी सुरू झाली की पेठ-सुरगाण्याकडची मजूर कुटुंबे द्राक्षपट्ट्यात उतरतात, मुलेही सोबत जातात. त्या आठवड्यात घेतलेल्या चाचणीत नेमकी हीच मुले नसतात.

पुन्हा चाचणी घेणे शक्य नसेल तर निदान दोन टोके सांगता येतात. राहिलेल्या १२ पैकी एकालाही वाचता येत नाही असे धरले तर ४० पैकी २१, म्हणजे ५२.५ टक्के. सगळ्यांना येते असे धरले तर ३३, म्हणजे ८२.५. खरा आकडा या दोघांच्या मध्ये कुठेतरी. हे लिहायला कमीपणाचे वाटते हे खरे, पण ७५ हा एकटा आकडा लिहिण्यापेक्षा ते प्रामाणिक आहे. (ऑनलाइन शिक्षण कसे वाटले हे व्हॉट्सअ‍ॅपवर गुगल फॉर्म पाठवून विचारणाऱ्यांबद्दल वेगळे काय सांगावे? ज्याच्याकडे फोन नाही त्याचे उत्तर येणारच नाही.)

फोनमध्ये

यंत्राला शिकवण्याच्या डेटातही हेच दोन दोष वेगवेगळे मोजले गेले आहेत. २०२१ मध्ये यंत्रशिक्षणात सर्रास वापरल्या जाणाऱ्या १० संचांची चाचणी-उदाहरणे तपासली गेली, तेव्हा सरासरी किमान ३.३ टक्के लेबले चुकीची निघाली. चित्राला भलतेच नाव, असे. हा बिनचूकपणाचा दोष, आणि तो पुन्हा तपासून दुरुस्त होतो. २०१८ मध्ये जॉय बुओलामविनी आणि तिमनित गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत सर्वाधिक चूक ०.८ टक्के होती, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. अशा प्रणाली पारखायला वापरल्या जाणाऱ्या एका संचात सुमारे ८० टक्के चेहरे उजळ वर्णाचे होते. तिथली सगळी लेबले दहा वेळा तपासली असती तरी त्यात नसलेले चेहरे काही आले नसते.

मराठीत बोलून टाइप करताना हा फरक रोज दिसतो. सटाणा-मालेगावकडे अहिराणीत ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात. शांत खोलीत, शहरी माणसांच्या आवाजात, स्वच्छ ध्वनिमुद्रण केलेला संच कितीही मोठा असो, त्यात ‘शे’ नसेल तर फोन तो ओळखणार कसा? त्याहून वाईट म्हणजे, मुद्रणात ‘शे’ होता पण लिहून काढणाऱ्याने शुद्धलेखनाच्या सवयीने ‘आहे’ लिहिले. आता आवाज एक आणि अक्षर दुसरे. म्हणून लिहून काढणाऱ्यांना दिलेल्या सूचनेत पहिलेच वाक्य हवे: जे ऐकू येते तेच लिहा, ‘नाय’ला ‘नाही’ करू नका.

साफसफाई कधी अंगाशी येते

बिनचूकपणासाठी केलेल्या सफाईतच प्रातिनिधिकता मारली जाऊ शकते, आणि हे दोन्ही एकच समजणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. ‘अपुऱ्या ओळी काढून टाका’ हा नेहमीचा नियम घ्या. आधार क्रमांक नसलेली विद्यार्थ्यांची ओळ काढली की तक्ता देखणा होतो, पण ज्यांची कागदपत्रे पूर्ण नाहीत तीच मुले तक्त्यातून जातात. ‘२४ तासांत १५० मिलिमीटरहून जास्त म्हणजे चूक’ हा नियम येवल्याच्या नोंदी पाहून केला आणि जिल्हाभर लावला, तर इगतपुरीचा खरा मुसळधार पाऊसच पुसला जातो. असे नियम ठिकाणानुसार ठेवावेत, आणि नियमात अडकलेली नोंद पुसण्याऐवजी तिच्यावर खूण करावी.

प्रमाण बिघडले आहे एवढाच दोष असेल तर भार देऊन ते सावरता येते. समजा सर्वेक्षणात ८० टक्के उत्तरे शहरातली आणि २० टक्के खेड्यातली आली, प्रत्यक्षात लोकसंख्या निम्मी-निम्मी आहे. शहरात ९० टक्के आणि खेड्यात ४० टक्के लोक ॲप वापरतात. सरळ सरासरी ८० टक्के येते. शहरी उत्तराला ०.६२५ आणि ग्रामीण उत्तराला २.५ भार दिला की ६५. पण खेड्यातून चारच उत्तरे आली असतील तर त्या चौघांच्या खांद्यावर अख्खे खेडे येते, आणि एकही आले नसेल तर शून्याला कितीही भार दिला तरी शून्यच. अशा वेळी पुन्हा गावात जाण्याला पर्याय नाही.

संख्या वाढवूनही हा दोष जात नाही. खरोखर चिठ्ठ्या टाकून निवडलेली १,००० माणसे घेतली तर टक्केवारीतली चूक बहुतेक वेळा साधारण अधिक-उणे ३ च्या आत राहते. लिंक मिळाली म्हणून ज्यांनी भरली अशा ५०,००० जणांबद्दल तसे काहीच सांगता येत नाही.

दोष कोणता हे ओळखायला एक साधी चाचणी आहे. तीच वस्तू, तेच ठिकाण, दुसऱ्या माणसाने दुसऱ्या यंत्राने पुन्हा मोजायचे. उत्तर बदलले तर बिनचूकपणात खोट. उत्तर तेच आले, पण दुसऱ्या ओळीतून, दुसऱ्या पाड्यावरून, दुसऱ्या दिवशी घेतलेल्या नमुन्यात बदलले, तर पहिला नमुना सगळ्यांच्या वतीने बोलत नव्हता.

फाइल पुढे देताना मूळ नोंदी जशा आल्या तशा वेगळ्या ठेवाव्यात. दुरुस्त्या प्रतीवर कराव्यात. काढलेल्या ओळी तिसऱ्या शीटमध्ये, प्रत्येकीसमोर काढण्याचे कारण. आणि पहिल्या पानावर चार गोष्टी: मोजले कोणी, कोणत्या तारखांना, कुठे, आणि कोणापर्यंत पोहोचता आले नाही.