अंड्याचे पर्याय (बेकिंग आणि स्वयंपाक)

केक, बिस्किटे, कस्टर्ड, कटलेट, मेयोनेज अशा पदार्थांत अंड्याऐवजी वापरले जाणारे जिन्नस आणि त्यासाठी कृतीत करावे लागणारे बदल. बोलीभाषेत अशा पदार्थांना ‘एगलेस’ किंवा बिनअंड्याचे म्हणतात. अंड्याची सगळी कामे एकट्याने करणारा पर्याय नाही. म्हणून ‘एका अंड्याऐवजी काय?’ या प्रश्नाला नेमके उत्तर देता येत नाही; त्या विशिष्ट पदार्थात अंडे काय करत होते, हे आधी पाहावे लागते.

अंड्याची कामे

कवच वगळता मध्यम आकाराच्या अंड्याचे वजन सुमारे 50 ग्रॅम भरते. त्यात साधारण 75 टक्के पाणी, 12 ते 13 टक्के प्रथिने आणि 10 टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो. पांढरा बलक जवळपास 90 टक्के पाणी आणि बाकी मुख्यतः प्रथिने. चरबी आणि लेसिथिन (तेल-पाणी एकजीव करणारा घटक) सगळे पिवळ्या बलकात. पांढरा बलक 62 अंश सेल्सिअसच्या पुढे गोठू लागतो, पिवळा 65 ते 70 अंशांच्या दरम्यान. फेटल्यावर पांढरा बलक हवा धरून ठेवतो, पिवळा तेल आणि पाणी एकजीव करतो, आणि दोन्ही उष्णतेने गोठून पदार्थाला आकार देतात. शिवाय ओलावा, रंग, चव आणि पावाच्या पाठीवरची चकाकी.

बिनअंड्याच्या केकमध्ये गोठणारे प्रथिन जवळपास नसल्याने सगळा सांगाडा मैद्यातील स्टार्च आणि ग्लुटेन (पिठाला ताण देणारे प्रथिन) यांवर उभा राहतो. स्टार्च फुलून घट्ट होण्याचे तापमान अंडे गोठण्यापेक्षा वरचे असते आणि साखर जास्त असेल तर ते आणखी वर सरकते. तोवर सोड्याचा वायू निघून गेला की केक मध्यभागी बसतो. घरच्या बहुतेक फसलेल्या एगलेस केकचे कारण हेच असते, आणि त्यावर लोक नेमका उलटा उपाय करतात: सोडा वाढवतात. पीठ आधीच फुगून भट्टीत फुटते आणि केक पूर्वीपेक्षा खोल बसतो.

ढोबळ नियम असा की मूळ कृतीत एक अंडे असेल तर जवळपास कोणताही पर्याय चालतो, दोन असतील तर विचारपूर्वक निवडावा, आणि तीन किंवा अधिक असतील तर पर्याय शोधण्यापेक्षा मुळातच अंड्याविना बेतलेली दुसरी कृती घ्यावी. शिफॉन केक, सूफ्ले, एक्लेअरचे पीठ बिनअंड्याचे करण्याच्या नादी घरी लागू नये. गोव्याचा बेबिंका हा तर अंड्यांच्या पिवळ्या बलकावरच उभा असलेला पदार्थ. कंडेन्स्ड मिल्क घालून केलेले त्याचे बिनअंड्याचे प्रकार चवीला चांगले लागतात, पण तो वेगळा पदार्थ होतो.

दही आणि सोडा

मराठी घरांत सर्वांत रुळलेला मार्ग. दह्यातील लॅक्टिक आम्ल आणि खाण्याचा सोडा यांच्या संयोगातून कार्बन डायऑक्साइड निघतो. दह्यातले पाणी आणि प्रथिने ओलावा व मऊपणा देतात. एक कप (सुमारे 240 ग्रॅम) दही अर्धा छोटा चमचा सोडा जिरवते. सोडा याहून जास्त झाला की उरलेल्याची साबणासारखी चव येते आणि केकच्या आत पिवळट-तपकिरी डाग पडतात.

आठ इंची भांड्यासाठी प्रमाण: मैदा दीड कप (190 ग्रॅम), पिठीसाखर 150 ग्रॅम, ताजे पण पाणी न सुटलेले दही 1 कप, वास नसलेले तेल अर्धा कप, बेकिंग पावडर सव्वा छोटा चमचा, सोडा अर्धा छोटा चमचा, व्हॅनिला इसेन्स 1 छोटा चमचा, चिमूटभर मीठ. दही फ्रीजबाहेर काढून खोलीच्या तापमानाला आणावे. दही, साखर, तेल, इसेन्स एकत्र फेटावे. मैदा, पावडर, सोडा आणि मीठ दोनदा चाळून त्यात घालावे आणि कोरडे पीठ दिसेनासे होताच हात थांबवावा. अंडे असलेले मिश्रण थोडे जास्त फेटले तरी खपून जाते. इथे प्रत्येक जादा फेटा ग्लुटेन ताणतो आणि केक चिवट होऊन आत उभी बोगदेवजा भोके पडतात. 175 अंशांवर आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये 35 ते 40 मिनिटे.

कित्येक कृतींत सोडा थेट दह्यात घालून पाच मिनिटे ‘फसफसू द्यावा’ असे लिहिलेले असते. दिसायला ते समाधानकारक असते, पण त्यात वायूचा बराच भाग भट्टीत जाण्याआधीच उडून जातो. मैद्याबरोबर चाळणे बरे.

याच मिश्रणात मैद्याऐवजी बारीक रवा घेतला की घरोघरी होणारा रव्याचा केक होतो. फरक एवढाच की रवा दह्यात 20 ते 30 मिनिटे भिजवून फुलू द्यावा आणि सोडा-पावडर अगदी शेवटी घालावी. मिश्रण घट्ट वाटल्यास दोन-तीन मोठे चमचे दूध. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत किंवा शिट्टी आणि रिंग काढलेल्या जुन्या कुकरमध्ये मिठाचा थर, त्यावर जाळी, झाकण लावून दहा मिनिटे तापवणे आणि मग मंद आचेवर 40 ते 50 मिनिटे भाजणे ही पद्धत आजही चालते. पाणी घालायचे नाही. पहिल्या अर्ध्या तासात झाकण उघडू नये, कारण अर्धवट फुललेला सांगाडा गार हवा लागताच बसतो आणि पुन्हा उठत नाही.

कंडेन्स्ड मिल्क

‘मिल्कमेडचा केक’ या नावाने ओळखला जाणारा प्रकार. कंडेन्स्ड मिल्कमध्ये 40 टक्क्यांहून अधिक साखर असते, त्यामुळे वेगळी साखर लागत नाही किंवा अगदी थोडी लागते. 200 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्कला 130 ग्रॅम मैदा, 60 ग्रॅम लोणी, 1 छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा सोडा, 80 ते 100 मिली दूध आणि 1 छोटा चमचा व्हिनेगर पुरे होते. दुधाऐवजी सोडावॉटर घालण्याची पद्धत आहे. त्यातला बहुतेक वायू ढवळतानाच निघून जातो, तेव्हा फुगण्याचे श्रेय त्याला फारसे देता येत नाही.

दुधातली साखर आणि प्रथिने लवकर लाल होतात. 180 अंशांवर वरचा भाग करपतो आणि आत कच्चा राहतो. 160 ते 165 अंश ठेवावे. तळाशी रबरासारखा चिकट थर आला तर द्रव जास्त झाला किंवा केक लवकर काढला, असे समजावे.

व्हिनेगर आणि सोडा

दूध, लोणी, अंडे यांपैकी काहीच नसलेला अमेरिकेतील ‘वॅकी केक’ याच जोडीवर फुलतो: दीड कप मैदा, 1 कप साखर, 3 मोठे चमचे कोको, 1 छोटा चमचा सोडा, अर्धा छोटा चमचा मीठ, 1 मोठा चमचा व्हिनेगर, एक तृतीयांश कप तेल, 1 कप पाणी. एवढ्या व्हिनेगरने सगळा सोडा जिरत नाही. थोडी आम्लता कोकोतून मिळते, बाकीचा सोडा कोकोचा रंग गडद करतो आणि त्याची चव चॉकलेटखाली झाकली जाते. म्हणूनच हीच कृती कोको वगळून व्हॅनिलाची करायला गेले की ती बिघडते. मिश्रण कालवताच भट्टीत जायला हवे.

जवस, चिया, फळे

जवसाच्या (अळशीच्या) सालीत पाणी शोषून बुळबुळीत होणारा पदार्थ असतो. 1 मोठा चमचा ताजी पूड आणि 3 मोठे चमचे पाणी 10 ते 15 मिनिटे ठेवले की अंड्याच्या बलकासारखी तार येते. हे एका अंड्याच्या जागी. बांधून ठेवण्याचे काम ते उत्तम करते, फुगवण्याचे अजिबात करत नाही. कणकेची बिस्किटे, मफिन, ब्राउनी, गाजराचा केक यांत शोभते. पांढऱ्या स्पंजमध्ये तपकिरी ठिपके आणि जवसाचा वास दोन्ही जाणवतात. पूड लवकर खवट होते, म्हणून लागेल तेवढीच करावी. अख्खे दाणे उपयोगाचे नाहीत. चियाचे प्रमाण तेच. सब्जा पाण्यात तसाच फुगतो म्हणून चियाच्या जागी घातला जातो, पण त्याचे सुळसुळीत दाणे केकमध्ये तसेच लागतात.

पिकलेल्या केळ्याचा पाव कप (सुमारे 60 ग्रॅम) गर एका अंड्याऐवजी चालतो, मात्र पदार्थ केळ्याचाच लागतो. सफरचंदाचा शिजवलेला गर चवीला सौम्य. फळांच्या गराने केक ओलसर आणि जड होतो. सोबत पाव छोटा चमचा बेकिंग पावडर वाढवावी.

काबुली चण्याचे पाणी

फेटून फेस करण्याच्या कामात पांढऱ्या बलकाच्या जवळ जाणारा घरगुती पर्याय हाच. फ्रान्समधील जोएल रोएसेल यांनी 2014 मध्ये कडधान्यांच्या पाण्याचा फेस होतो हे दाखवले. 2015 मध्ये अमेरिकेतील गूस वोल्ट यांनी फक्त चण्याचे पाणी आणि साखर यांचे मेरिंग (गोड फेस सुकवून केलेला कुरकुरीत पदार्थ) केले आणि त्या पाण्याला ‘अक्वाफाबा’ नाव दिले. चण्यातून पाण्यात उतरलेली प्रथिने, स्टार्च आणि सॅपोनिन (साबणासारखा फेस करणारा घटक) यांमुळे फेस धरतो.

कृती: 1 कप काबुली चणे रात्रभर भिजवून ते पाणी फेकावे. 3 कप ताज्या पाण्यात मीठ न घालता शिजवावे आणि त्याच पाण्यात पूर्ण गार होऊ द्यावे. गाळलेले पाणी बोटांमध्ये किंचित चिकट लागेपर्यंत आटवावे. कुकरमधले पाणी सहसा फार पातळ असते आणि फेस न येण्याचे कारण बहुतेक वेळा तेच. छोल्यांसाठी सोडा किंवा चहापत्ती घालून चणे शिजवले असतील तर ते पाणी यासाठी घेऊ नये. 2 मोठे चमचे पाणी म्हणजे एक पांढरा बलक, 3 मोठे चमचे म्हणजे एक अख्खे अंडे. तुपकट अंश नसलेल्या भांड्यात, लिंबाचे चार थेंब किंवा पाव छोटा चमचा क्रीम ऑफ टार्टर घालून इलेक्ट्रिक बीटरने 8 ते 12 मिनिटे फेटावे. हाताने फेटून हे सहसा साधत नाही. मग पिठीसाखर चमचा-चमचा करून घालावी. मेरिंग 100 अंशांवर दीड ते दोन तास सुकवावे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ते डब्याबाहेर काही तासांत चिकट होते.

हा फेस अंड्यासारखा उष्णतेने गोठत नाही. त्यामुळे केवळ त्याच्या भरवशावर स्पंज केक करू नये. सोबत बेकिंग पावडर हवीच.

कस्टर्ड आणि पुडिंग

इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांनी 1837 मध्ये कस्टर्ड पावडर तयार केली, कारण त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांना अंडे सोसत नव्हते. म्हणजे ‘कस्टर्ड’ म्हणून भारतीय घरांत जे खाल्ले जाते ते मुळातच अंड्याचा पर्याय आहे: मक्याचे स्टार्च, रंग आणि सुवास. अर्धा लिटर दुधाला 2 मोठे चमचे पावडर. ती गार दुधातच कालवावी. गरम दुधात टाकल्यास गुठळ्या होतात. उकळी आल्यावर आणखी दोन मिनिटे शिजवले नाही तर कच्च्या पिठाची चव राहते.

वाटीतून उलटून काढायच्या कॅरॅमल पुडिंगसाठी मात्र चायनाग्रास लागते: अर्धा लिटर दुधाला साधारण 5 ग्रॅम, आधी पाण्यात पूर्ण विरघळवून. ते खोलीच्या तापमानालाच गोठते, पण सुरीने कापले की कडा करकरीत पडतात. अंड्याची लवचीकता येत नाही. ती हवी असेल तर दूध, घट्ट दही आणि कंडेन्स्ड मिल्क समभाग घेऊन झाकून वाफवावे. महाराष्ट्रातला खरवस याच जातीचा. व्यालेल्या गाई-म्हशीच्या चिकातील प्रथिने वाफेवर अंड्यासारखीच गोठतात, आणि अंड्याच्या कस्टर्डच्या इतका जवळ जाणारा दुसरा पदार्थ आपल्या स्वयंपाकात नाही.

तिखट पदार्थ

ऑम्लेटच्या जागी बेसन. महाराष्ट्रात ‘टोमॅटो ऑम्लेट’ मागवले तर येते ते बेसनाचे धिरडेच. अंड्यासारखी चव हवी असल्यास पादेलोण वापरतात; त्यातील गंधकयुक्त घटकांचा वास उकडलेल्या अंड्याशी जुळतो. तो आचेवर उडतो, म्हणून चिमूटभर पादेलोण ताटात वाढताना भुरभुरावे. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील एका कंपनीचे बाटलीबंद पर्यायी ‘अंडे’ मुगाच्या प्रथिनांपासून बनते; मुगाची धिरडी घालणाऱ्यांना त्यात नवल वाटू नये.

कटलेटचे सारण बांधायला उकडलेला बटाटा, भिजवून पिळलेला पाव किंवा भाजलेले बेसन. बाहेरून पावाचा चुरा चिकटवण्यासाठी 2 मोठे चमचे मैदा आणि 1 मोठा चमचा कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून, चमच्याच्या पाठीवर पातळ थर राहील इतपत सरबरीत करावे. पारशी पद्धतीच्या जाळीदार कटलेटची जाळी मात्र फेटलेल्या अंड्याचीच असते. पिठाच्या घोळाने ती साधत नाही. कोकणी पद्धतीच्या तळलेल्या मासळीला हा प्रश्नच येत नाही, कारण तिला रवा आणि तांदळाचे पीठ नुसत्या ओल्या मसाल्यावर चिकटते.

मेयोनेजमध्ये लेसिथिनची जागा दुधातील प्रथिने घेतात. उंच अरुंद भांड्यात 100 मिली थंडगार सायीचे दूध, 200 मिली तेल, अर्धा छोटा चमचा मोहरीची पूड आणि मीठ घ्यावे. हँड ब्लेंडर तळाला टेकवून सुरू करावा आणि खालचा भाग पांढरा घट्ट होईपर्यंत उचलू नये. लिंबाचा रस शेवटी. आधी घातला किंवा दूध कोमट असले की मिश्रण फुटते. पातळ राहिल्यास तेल वाढवावे, दूध नव्हे. फ्रीजमध्ये तीन दिवस.

पावाला चकाकी आणायला भाजण्यापूर्वी दूध आणि बाहेर काढताच लोणी. अंड्याइतकी तकाकी येत नाही, मऊपणा मात्र जास्त येतो.

ॲलर्जी आणि लेबल

भारतात पाकिटावरील हिरवे वर्तुळ शाकाहारी पदार्थाचे. अंडे असलेल्या पदार्थावर मांसाहारी चिन्ह लागते, जे 2020 च्या नियमांनुसार तपकिरी त्रिकोण आहे. सोमवार, चतुर्थी किंवा जैन आहारासाठी अंडे टाळायला एवढी खूण पुरते, मात्र ॲलर्जी असणाऱ्यांनी ‘अंड्याचा अंश असू शकतो’ अशा अर्थाची सूचनाही वाचावी, कारण एकाच बेकरीत दोन्ही प्रकारचे केक एकाच बीटरवर फेटले जाऊ शकतात. अंड्यातील ओव्होम्युकॉइड हे ॲलर्जीकारक प्रथिन भाजल्यानेही सहजासहजी नष्ट होत नाही. परदेशात ‘एग सब्स्टिट्यूट’ म्हणून मिळणारी काही द्रव उत्पादने पांढऱ्या बलकापासूनच बनलेली असतात; ती पिवळा बलक टाळणाऱ्यांसाठी आहेत. बटाटा आणि टॅपिओकाच्या स्टार्चवर आधारलेल्या पूड स्वरूपातील पर्यायांत अंडे नसते. ते विकत घेताना ‘एग-फ्री’ हा शब्द आणि घटकांची यादी दोन्ही पाहावीत.