दवाखान्यातला बीपी, घरचा बीपी

"बीपी घरी त बराबर रायते, दवाखान्यातच कसा काय वाढते?" यवतमाळ-वाशीमकडे गोळ्या घेणारी माणसं हे हमखास विचारतात. मशीन बिघडलेलं असतंच असं नाही. एसटीत धक्के खात तालुका गाठायचा, केसपेपरच्या रांगेत ताटकळायचं आणि डॉक्टर समोर आले की छाती धडधडायची. आकडा चढायला एवढं पुरतं. म्हणूनच दवाखान्यात 140/90 ही उच्च रक्तदाबाची रेघ मानतात, तर घरच्या मोजण्यांच्या सरासरीसाठी 135/85. उलटंही घडतं: दवाखान्यात ठीक, घरी वाढलेला. हा प्रकार जास्त घातक, कारण घरी मोजल्याशिवाय तो सापडतच नाही.

घरचं मशीन चालतं कसं? दंडावरचा पट्टा फुगून धमनी दाबतो, मग हवा हळूहळू सुटते. रक्त पुन्हा वाहू लागलं की पट्ट्यात ठोके उमटतात. आधी बारीक, मग जोराचे, मग परत बारीक. सगळ्यात जोराचा ठोका ज्या दाबाला येतो तो सरासरी दाब, आणि वरचा-खालचा आकडा मशीन हिशेबाने काढतं. मधेच सुनेला हाक मारली किंवा हात हलवला की हा हिशेब चुकतो. हात हृदयाच्या पातळीखाली दहा सेंटीमीटर लोंबत असेल, तर आकडा साधारण 8 ने जास्त येतो.

आपल्याकडचा खास घोटाळा म्हणजे खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. त्यातलं निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं, ठोके वाढवतं. मोजण्याआधी अर्धा तास खर्रा नको, चहाही नको. (खर्रा सुटायलाच हवा, पण तो वेगळा विषय.) पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून गप्प बसायचं. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची.

घरच्या मोजणीचा खरा उपयोग मे महिन्यात कळतो. चंद्रपूरचा पारा 45 अंशांवर गेला की कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात, घामावाटे पाणी-मीठ जातं आणि बीपी उतरतो. त्यात हिवाळ्यात सुरू केलेली, लघवी जास्त करवणारी गोळी तशीच चालू! तेंदूपत्ता तोडायला वाकलेली बाई उभी राहते आणि भोवळ येते. घरचे म्हणतात, ऊन लागलं. रोजचे आकडे लिहिलेल्या वहीत वरचा आकडा उतरत 100 कडे येताना दिसला आणि त्या पानाचा फोटो आशाताईंमार्फत डॉक्टरांपर्यंत गेला, तर भोवळ येण्याआधीच डोस बदलता येतो. आपल्या मनाने गोळी बंद करणं मात्र धोक्याचं. भामरागडच्या आतल्या गावांत रेंज नसेल, तर वही आशाताईंच्या पुढच्या फेरीची वाट पाहते.

हृदय कमजोर असलेल्यांना तर साधा वजनकाटा पुरतो. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर ती चरबी नव्हे, अंगात साठलेलं पाणी. धाप लागण्याआधी कळवायचं.

आकडा 180/120 च्या वर, सोबत छातीत दुखतंय, बोलणं अडखळतंय किंवा एक हात लुळा पडलाय? तिथे वही, फोटो, आशाताई काही नको. सरळ 108 ला फोन.