मॉर्मन मिशनरी प्रशिक्षण केंद्र

मॉर्मन मिशनरी प्रशिक्षण केंद्र : चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, म्हणजे सर्वसाधारणपणे मॉर्मन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे तरुण धर्मप्रचारक कामाला लागण्यापूर्वी जिथे राहून शिकतात, ते निवासी केंद्र. सर्वांत मोठे केंद्र अमेरिकेच्या यूटा राज्यात प्रोव्हो येथे आहे. अमेरिकेबाहेर मेक्सिको सिटी, साओ पाउलो, मनिला, आक्रा इ. ठिकाणी अशी केंद्रे आहेत. इंग्लंडमधले केंद्र प्रेस्टनजवळच्या चॉर्ली गावी, पंथाच्या मंदिराच्या आवारात १९९८ पासून चालू आहे.

धर्मप्रचाराची ही सेवा मुलांसाठी दोन वर्षांची, मुलींसाठी दीड वर्षाची. वेतन नाही, खर्च स्वतःच्या बचतीतून आणि घरच्यांच्या पैशांतून भागवायचा. कोणत्या देशात जायचे हे उमेदवार ठरवत नाही, चर्च ठरवते. त्यामुळे अमेरिकेच्या आयडाहो राज्यातल्या एखाद्या शेतकरी कुटुंबातला मुलगा महिन्याभरात स्पॅनिश बोलण्याच्या तयारीला लागलेला असतो.

पंथाच्या पहिल्या प्रचारकांना प्रशिक्षण म्हणून काही मिळालेच नव्हते. १८५२ मध्ये ह्यू फिंडले मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यातही त्याने काम केले. त्या काळच्या रीतीप्रमाणे हे लोक गाठीला फारसा पैसा न ठेवता निघत आणि भाषा, हवामान, स्थानिक चालीरीती सगळे जागेवरच शिकत. भारतातला तो प्रयत्न काही वर्षांतच थांबला. तयारी करून घेण्याची व्यवस्था फार सावकाश आली. सॉल्ट लेक सिटीत १९२५ मध्ये मिशन होम सुरू झाले, पण तिथला मुक्काम अगदी थोड्या दिवसांचा असे. भाषेचे रीतसर वर्ग १९६१ मध्ये प्रोव्होच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात सुरू झाले, आणि त्यामागचे निमित्त अगदी व्यावहारिक होते: मेक्सिको व अर्जेंटिनाचे व्हिसा मिळायला वेळ लागत होता, तेवढ्यात मुलांना स्पॅनिश शिकवून घ्यावे. त्या वर्गांतूनच वाढलेल्या संस्थेला १९७८ मध्ये आजचे नाव मिळाले.

मेक्सिको सिटीच्या केंद्राची हकीकत वेगळी आहे. शहराच्या उत्तर भागातल्या या आवारात १९६४ पासून चर्चची ‘बेनेमेरितो दे लास अमेरिकास’ ही निवासी शाळा होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये चर्चचे अध्यक्ष थॉमस मॉन्सन यांनी सेवेचे किमान वय मुलांसाठी १९ वरून १८ आणि मुलींसाठी २१ वरून १९ केल्याचे जाहीर केले. तेव्हा सुमारे ५८ हजार असलेली मिशनऱ्यांची संख्या वर्षभरात ८० हजारांपलीकडे गेली आणि प्रोव्होची जागा अपुरी पडू लागली. २०१३ मध्ये शाळा बंद करून तिचे केंद्र करण्यात आले. मेक्सिकोतल्या अनेक मॉर्मन कुटुंबांच्या दोन-दोन पिढ्या या शाळेत शिकल्या होत्या. त्यांना झालेले दुःख खरे होते आणि केंद्राच्या यशाच्या वर्णनात ते झाकून जाऊ नये. पूर्वी विद्यार्थी ज्या छोट्या घरांत राहत त्यांतच आता प्रशिक्षणार्थी राहतात.

केंद्रात पोचल्यावर छातीवर काळी नावपट्टी लागते. पहिले नाव मागे पडते. आडनावाआधी मुलाला ‘एल्डर’, मुलीला ‘सिस्टर’ म्हणतात. त्याच दिवशी एक जोडीदार ठरवून दिला जातो. त्याला ‘कंपॅनियन’ म्हणतात. जेवण, अभ्यास, प्रार्थना, झोपायची खोली, सगळे त्याच्याबरोबर. त्याला सोडून एकट्याने कुठे जायचे नाही. या शिक्षणातला सर्वांत अवघड विषय हाच आहे. भाषेचे व्याकरण सहा आठवड्यांत बरेचसे येते, पण ज्याची निवड आपण केली नाही अशा माणसाशी अखंड सोबत निभावणे, त्याच्या घोरण्यापासून त्याच्या श्रद्धेतल्या शंकांपर्यंत सगळे ऐकून घेणे, हे अठराव्या वर्षी कोणालाच येत नसते. सेवेच्या पुढच्या सगळ्या काळात जोडीदार बदलत राहतात, एकांत मात्र मिळत नाही.

पहाटे साडेसहाच्या सुमारास उठायचे, रात्री साडेदहाला दिवे मालवायचे. मधला वेळ वर्ग, धर्मग्रंथांचे वाचन आणि तासभर खेळ यांत जातो. दूरचित्रवाणी नाही, प्रेमप्रकरणे नाहीत. आठवड्यातला एक दिवस ‘पी-डे’, म्हणजे तयारीचा दिवस; कपडे धुणे आणि घरी पत्र लिहिणे त्या दिवशी. मेक्सिकोत प्रशिक्षणार्थी सहसा आवाराबाहेर पडत नाहीत, त्यामुळे एवढे अवाढव्य शहर त्यांना मुख्यतः भिंतीपलीकडून ऐकू येते.

प्रशिक्षण किती दिवसांचे, हे भाषेवर ठरते. आपल्याच भाषेत काम करायचे असेल तर जेमतेम तीन आठवडे, स्पॅनिशसाठी सहा, आशियाई भाषांसाठी त्याहून अधिक. शिक्षक बहुधा नुकतेच सेवेवरून परतलेले विशीतले विद्यार्थी असतात. पद्धत धीट आहे: पहिल्या काही दिवसांतच नव्या भाषेत धडा द्यायला लावतात. समोरचा श्रोता म्हणजे शिक्षकच. सेवेच्या काळात आपल्याला भेटलेल्या एखाद्या माणसाची भूमिका तो वठवतो. मुले कागदावरची वाक्ये वाचतात, अडखळतात, क्रियापदे चुकवतात. आपसातही जमेल तेवढे शिकायच्या भाषेतच बोलायचे असा आग्रह असतो. परभाषा झटपट बोलती करण्यात ही केंद्रे इतकी यशस्वी का, याचे उत्तर या सक्तीच्या बोलण्यात आहे. ज्याला प्रार्थना आणि आपल्या श्रद्धेची साक्ष परक्या भाषेत उभ्याने सांगावी लागते, त्याला लाजायला सवड नसते.

घरची ओढ हा दुसरा मोठा भाग. पूर्वी नाताळ आणि मातृदिन एवढ्या दोनच वेळा घरी फोन करता येई. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला फोन किंवा व्हिडिओ कॉलची परवानगी मिळाली, आणि ही सुधारणा फार आधी व्हायला हवी होती. मिशनरी जीवनाशी जुळवून घेण्यासाठी चर्चने काढलेल्या पुस्तिकेत ताण, खिन्नता, झोप यांविषयी उघडपणे लिहिले आहे. तरी आजारपण किंवा मानसिक त्रासामुळे मुदतीआधी परतणाऱ्यांना आपल्या समाजात अपुरेपणाची भावना सोसावी लागते. ज्या समाजात सेवेवर जाणे हा तारुण्याचा मानबिंदू असतो, तिथे या मुलांची काळजी घेण्याची जबाबदारीही त्या समाजाचीच आहे.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे वर्ग ऑनलाइन झाले. त्यानंतर केंद्रे उघडली तरी शिक्षणाचा पहिला भाग घरूनच करण्याची पद्धत राहिली. आई-वडिलांच्या घरातल्या टेबलावर बसून मुले पहिले धडे गिरवतात आणि मग विमानात बसतात. केंद्रातून नेमणुकीच्या जागी गेल्यावर पहिले बारा आठवडे एका अनुभवी जोडीदाराच्या हाताखाली काढावे लागतात. त्याला ‘ट्रेनर’ म्हणतात, आणि बऱ्याचदा तोही फक्त वर्षभराने मोठा असतो.