म्युनी वीकेंड (माउंटन युनिसायकलिंग)

एकचाकी सायकल, म्हणजे युनिसायकल, घेऊन डोंगरातल्या पायवाटांवर ग्रुपनं केलेली शनिवार-रविवारची राइड. माउंटन युनिसायकलिंगला ही मंडळी थोडक्यात ‘म्युनी’ म्हणतात. अमेरिका-कॅनडात आणि युरोपात असे वीकेंड होतात, उत्तर कॅलिफोर्नियातली परंपरा त्यातल्या जुन्यांपैकी, साधारण १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनची. उंचावरच्या ट्रेल्ससाठी (पायवाटांसाठी) कॅलिफोर्निया आणि नेवाडा राज्यांच्या सीमेवर, सिएरा नेवाडा डोंगररांगेतल्या लेक टाहो या तळ्याचा परिसर चांगला नमुना आहे, म्हणून इथे उदाहरणं तिथलीच घेतली आहेत.

उगम : यावर एकमत नाही. अलास्कातल्या सीवर्ड गावचे जॉर्ज पेक १९८० च्या दशकात समुद्रकिनाऱ्याच्या खडकांवर आणि डोंगरात एकचाकी चालवत होते, त्यामुळे बरेच जण त्यांनाच पहिला मान देतात. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातला क्रिस होल्म (पेशानं भूशास्त्रज्ञ) यानं त्याच दशकात शाळकरी वयात सुरुवात केली, पुढे १९९९ मध्ये स्वतःच्या नावाची युनिसायकल कंपनी काढली आणि मेक्सिकोच्या ५,६३६ मीटर उंच पिको दे ओरिसाबावरही चाक नेलं, त्यामुळे नव्या पिढीला सगळं त्याच्यापासूनच सुरू झालं असं वाटतं. फ्रान्समधल्या थिएरी बूश यांचंही नाव याच काळात येतं. इंटरनेट घरोघरी नव्हतं आणि हे लोक एकमेकांपासून हजारो किलोमीटर लांब होते हे बघता, तीन-चार ठिकाणी स्वतंत्रपणे सुरुवात झाली हे मत जास्त पटण्यासारखं आहे. होल्ममुळे खेळ पसरला हे खरं, पण पसरवणं वेगळं आणि सुरू करणं वेगळं.

हब (चाकाचा मधला तुंबा) आणि क्रँक (पेडल जोडलेला दांडा) : खरी अडचण इथे होती. युनिसायकलला फ्रीव्हील (पाय थांबवूनही चाक फिरू देणारी सोय) नसतं, पेडल थेट चाकाच्या हबला जोडलेलं, त्यामुळे चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. पुढे जाताना पेडल पुढे दाबायचं आणि उतारावर वेग आवरायला तेच मागे दाबायचं, म्हणजे क्रँकवर दोन्ही दिशांनी पीळ बसतो. जुन्या हबच्या अ‍ॅक्सलची (आसाची) टोकं चौकोनी निमुळती असायची आणि त्यावर क्रँक बोल्टनं आवळलेला, तो डोंगरात ढिला व्हायचा, कधी अ‍ॅक्सलच मोडायचा. १९९० च्या दशकाच्या शेवटी बीएमएक्स (उड्या-कसरतींच्या छोट्या) सायकलींकडून दातेरी टोकांचा (स्प्लाइन्ड) हब आला, नंतर आयसिस हे दहा दात्यांच्या जोडणीचं स्टँडर्ड रुळलं आणि उड्या मारणं शक्य झालं. २४ इंची रिमवर ३ इंची जाड टायर चढवला की चाकाचा व्यास ६६ सेंटिमीटरच्या आसपास जातो, म्हणजे पेडलच्या एका फेरीत जेमतेम २ मीटर. स्वित्झर्लंडच्या श्लुम्फ यांच्या गिअर हबमध्ये टाचेनं बटण दाबून १:१.५ गिअर पडतो आणि तेच अंतर ३ मीटरवर जातं, पण महागडं प्रकरण आहे आणि खडकाळ वाटेवर बहुतेक लोक साध्या हबवरच राहतात. ब्रेकचा लिव्हर सीटच्या नाकाखाली असतो, चढावर जोर लावताना तिथलंच हँडल ओढून धरायचं.

टाहोचे ट्रेल्स : तळ्याची पातळीच समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटर. नेवाडा राज्याच्या बाजूचा फ्लूम ट्रेल त्याच्याही वर साधारण ४५० मीटर, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपट असतो, आणि उतारावर सायकलवाले पाय सोडून दम घेतात ती सोय एकचाकीवर नाही, म्हणून विरळ हवा इथे दुप्पट जाणवते. १८७० च्या दशकात व्हर्जिनिया सिटीच्या चांदीच्या खाणींना पाणी पुरवायला डोंगराच्या कडेनं लाकडी पन्हळी टाकल्या होत्या, त्याच जागेवरून ही वाट जाते. १९८० च्या दशकात सायकलपटू मॅक्स जोन्स यांनी ती सायकलींसाठी पुन्हा वापरात आणली. पाणी हळूहळू वाहावं म्हणून उतार अगदी नावाला ठेवलेला, आणि फ्रीव्हील नसलेल्या चाकाला नेमकी अशीच वाट सोयीची. एका बाजूला कडा आणि खाली निळं तळं, त्यामुळे नजर वाटेवरून हलवायची असेल तर आधी उतरलेलं बरं.

ग्रुप : शिनगार्ड, हेल्मेट आणि हातमोजे लागतातच, पेडलच्या खिळ्यांनी नडगी सोलून निघते. पुढचे लोक प्रत्येक फाट्यावर मागच्यांसाठी थांबतात. बहुतेक वेळा पडण्यापेक्षा पायावर उतरणंच होतं.

नियम : १९६४ च्या कायद्यानुसार अमेरिकेतल्या ‘वाइल्डरनेस’ जंगलांत यांत्रिक वाहतुकीला बंदी आहे, आणि चाक एक असलं तरी सूट नाही, त्यामुळे टाहोजवळचं डेसोलेशन वाइल्डरनेस बाद. तळ्याभोवतीच्या टाहो रिम ट्रेलच्या टाहो मेडोज ते टनेल क्रीक रोड या पट्ट्यात सायकली फक्त सम तारखेलाच चालतात. म्हणजे एरवी वीकेंडचा एक दिवस हमखास मिळतो, पण शनिवारी ३१ आणि रविवारी १ तारीख आली की दोन्ही दिवस गेले.