उंदराचा एमआरआय, तोही पुन्हा पुन्हा

द्राक्षवाल्यांना काडी तपासणी सांगायला नको. ऑक्टोबर छाटणीच्या आधी निफाड-दिंडोरीकडचे बागायतदार थोड्या काड्या कापून लॅबमध्ये देतात, तिथे डोळा चिरून मायक्रोस्कोपखाली बघतात आत घड आहे का नाही. रिपोर्ट मिळतो, पण तो डोळा गेला, त्याच डोळ्याचं पुढे काय झालं असतं ते आता कोणी सांगू शकत नाही, बाकी बागेचा अंदाज बांधायचा. मेंदूच्या आनुवंशिक आजारांवर काम करणाऱ्यांची कित्येक वर्षं हीच अडचण होती, उंदराचा मेंदू आतून बघायचा म्हणजे उंदीर मारायचा. एमआरआयमुळे आता न मारताच आत बघता येतं.

हंटिंग्टनचा आजार घ्या, मेंदूतल्या पेशी हळूहळू मरत जाणारा. चौथ्या क्रोमोझोमवर एक जीन आहे, त्यात सीएजी ही डीएनएची तीन अक्षरं लागोपाठ किती वेळा येतात यावर सगळा खेळ. 35 पर्यंत आजार होत नाही, 40 किंवा त्याहून जास्त झाली की आयुष्य पुरलं तर आजार होतोच, आणि आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला मिळण्याची शक्यता 50 टक्के. जीन सापडला 1993 मध्ये. लगेच 1996 मध्ये लंडनला जिलियन बेट्स यांच्या टीमने माणसाच्या याच जीनचा खराब तुकडा घातलेले उंदीर तयार केले, आर6/2 नावाचे, ज्यांच्यात सीएजी दीडशेच्या आसपास. हे बिचारे काही आठवड्यांतच अडखळायला लागतात आणि साधारण तीन-चार महिन्यांत मरतात.

आता या उंदराचा एमआरआय कसा करतात ते बघण्यासारखं आहे. उंदराचा मेंदू अर्ध्या ग्रॅमचाही नसतो, आपला तेराशे-चौदाशे ग्रॅमचा, त्यामुळे हॉस्पिटलमधलं दीड किंवा तीन टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद) मशीन फारसं कामाचं नाही, छोट्या बोगद्याचं पण 7 किंवा 9.4 टेस्लाचं वेगळं मशीन लागतं. उंदराला नाकावर नळी लावून आयसोफ्लुरेनची भूल देतात, पुढचे दात एका पट्टीत अडकवून डोकं घट्ट धरतात, डोळे कोरडे पडू नयेत म्हणून मलम लावतात, श्वास मोजायला अंगाखाली एक छोटी उशी असते. आणि अंग गरम ठेवावं लागतं, कारण भुलेत एवढासा जीव फार पटकन गार पडतो. स्कॅन झालं की उंदीर शुद्धीवर येऊन परत पिंजऱ्यात, काही आठवड्यांनी पुन्हा तोच उंदीर तोच मेंदू.

माझ्या मते खरी गंमत इथेच आहे. आजारी उंदराचा मेंदू निरोगी उंदरापेक्षा लहान दिसला तर त्याचे दोन अर्थ निघतात, एकतर तो नीट वाढलाच नाही किंवा वाढून मग झिजला. लहान असणं आणि लहान होत जाणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि कापून बघितलेल्या एका मेंदूवरून तो कळत नाही. शिवाय प्रत्येक उंदराची तुलना त्याच्याच आधीच्या स्कॅनशी होते म्हणून कमी उंदरांत काम भागतं. माणसातही लक्षणं दिसायच्या दहा-दहा वर्षं आधीपासून स्ट्रायटम हा आतला भाग आकसत जाताना एमआरआयमध्ये दिसलाय, म्हणजे मोजायची गोष्ट दोन्हीकडे एकच. पेट स्कॅनही करतात, म्हणजे किरणोत्सारी औषध टोचून काढलेलं चित्र, पण मिलिमीटरभराच्या आतलं त्याला नीट दिसत नाही आणि उंदराचा अख्खा मेंदूच सेंटीमीटरभर रुंद, चित्र धूसर येतं.

भुलेचा घोळ मात्र आहेच. भूल दिली की मेंदूतला रक्तप्रवाह बदलतो, त्यामुळे मेंदूचं कामकाज दाखवणारा फंक्शनल एमआरआय असेल तर दिसतंय ते आजाराचं का भुलेचं हे वेगळं काढावं लागतं. आकार मोजायचा असेल तर एवढी कटकट नाही.

उंदीर फार लवकर मरतो म्हणून 2006 च्या सुमारास ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या लोकांनी चक्क मेंढ्यांमध्ये माणसाचा पूर्ण हंटिंग्टन जीन घातला, 73 सीएजीवाला. मेंढी बरीच वर्षं जगते आणि माणसांच्याच एमआरआय मशीनमध्ये मावते. पण या मेंढ्या कित्येक वर्षं वरून ठणठणीतच दिसतात, म्हणजे लक्षणांच्या आधीचा काळ बघायला उत्तम, औषधाने लक्षणं थांबली का बघायला निरुपयोगी.

आणि प्राण्यांत जमलं म्हणजे माणसात जमलं असं नाही. याच जीनपासून बनणारं हंटिंग्टिन प्रोटीन कमी करणारं टोमिनर्सन हे औषध प्राण्यांमध्ये आशा दाखवून माणसांच्या मोठ्या चाचणीपर्यंत गेलं, पाठीच्या कण्यातल्या पाण्यातलं प्रोटीन कमीही झालं, तरी 2021 मध्ये डोस थांबवले कारण पेशंटना फायदा दिसेना. जास्त वेळा डोस मिळालेल्यांच्या स्कॅनमध्ये तर मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या मोठ्या झालेल्या दिसल्या.

कॉलेज रोडच्या एका ओळखीच्यांनी हे ऐकून विचारलं, घरात असा आजार असेल तर मग आपणही एमआरआय काढून घ्यावा का. नाही, त्यासाठी रक्ताची जीन टेस्ट असते, तीही जेनेटिक काउन्सेलरशी नीट बोलून, आणि लक्षणं नसलेल्या 18 च्या आतल्या मुलांची सहसा करतच नाहीत.